बांधकामाचा आवाज आणि हादरे : मोजणीची कोणती व्यवस्था निवडावी?

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात जुनी इमारत पाडून तिच्या जागी दोन-तीन तळघरांची उंच इमारत उभी राहते, तेव्हा नव्या पायाची खुदाई आणि शेजारच्या इमारतीची भिंत यांच्यात कित्येकदा तीन-चार मीटरांचेच अंतर असते. वरचा मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो आणि पोकलेनला लावलेला ब्रेकर तो महिनोन्‌महिने फोडत राहतो. अशा जागी आवाज आणि हादरे मोजले पाहिजेत, हे आता बहुतेक विकासकांना पटलेले आहे. परवानगीच्या अटी, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि न्यायालयात जावे लागण्याची शक्यता, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती एक मीटर देणे पुरेसे आहे, की ठरावीक दिवशी प्रयोगशाळेची माणसे बोलवावीत, की चोवीस तास चालणारे यंत्र भाड्याने लावावे, की ते विकतच घ्यावे?

या पर्यायांची तुलना करताना मी एक ठरावीक जागा समोर धरली आहे : मध्यम आकाराचा पुनर्विकास प्रकल्प, एका बाजूला पन्नास-साठ वर्षांची, विटांच्या भारवाही भिंतींची किंवा जुन्या आरसीसीची इमारत, दुसऱ्या बाजूला रहदारीचा रस्ता, आणि सहा-आठ महिने चालणारी खडकाची खुदाई. निर्णय घेणारे विकासकाचे अभियंते असतील, सोसायटीने नेमलेली पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, असेल किंवा शेजारच्या सोसायटीची कमिटी असेल. माझे मत आधीच सांगतो. आवाज आणि हादरे यांच्यासाठी एकाच तोलाची व्यवस्था घेणे ही पैशांची चुकीची वाटणी आहे. निधी मर्यादित असेल तर तो आधी हादऱ्यांच्या अखंड मोजणीवर आणि शेजारच्या इमारतीच्या पूर्वपाहणीवर खर्च करावा. आवाजासाठी साधी, पण शिस्तीने चालवलेली व्यवस्था पुरते.

आवाज आणि हादरे हे दोन वेगळे प्रश्न का आहेत

आवाजाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, तर रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे सारे आकडे ‘ए’ भाराने, म्हणजे माणसाच्या कानाला जसे ऐकू येते त्या प्रमाणात, मोजलेल्या सरासरी पातळीचे, म्हणजे एलईक्यूचे आहेत. २०१० च्या दुरुस्तीने निवासी आणि शांतता क्षेत्रांत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्री चालवण्यास मनाई केली. मुंबई मेट्रो-३ च्या कफ परेड येथील कामावर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी घातलेली आणि २०१८ मध्ये उठवलेली बंदी अनेकांना आठवत असेल. एवढ्या मोठ्या सार्वजनिक प्रकल्पाचीही रात्रीच्या आवाजामुळे अडवणूक होऊ शकते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

आता दिवसाचा हिशेब पाहू. समजा, शेजारच्या खिडकीशी ब्रेकरचा आवाज ८५ डेसिबल आहे आणि तो दिवसभरात फक्त एक तास चालतो, बाकी पंधरा तास परिसर ५५ डेसिबलवर आहे. सोळा तासांची ऊर्जेच्या हिशेबाने सरासरी काढली तर ती सुमारे ७३ डेसिबल येते. ब्रेकर केवळ पाव तास चालला तरी ती ६७ च्या आसपास राहते. म्हणजे शेजारी खडक फुटत असताना निवासी क्षेत्राची ५५ डेसिबलची मर्यादा ओलांडली जाणार, हे यंत्र लावण्याआधीच कागदावर कळते. त्या नियमांत तक्रारीसाठी मर्यादेहून १० डेसिबल जास्त पातळीचा उंबरठा ठेवला आहे. तोही पाव तासाच्या कामात पार होतो. त्यामुळे आवाजाच्या मोजणीचा खरा उपयोग मर्यादा पाळली की मोडली हे शोधण्यात फारसा नाही. काम ठरलेल्या वेळेतच चालले का, पत्र्याच्या आडोशाने किंवा ध्वनिरोधक पडद्याने किती फरक पडला आणि काम नसताना हा परिसर मुळात किती गोंगाटाचा आहे, हे त्यातून कळते. या तीन प्रश्नांना दशांश डेसिबलची अचूकता लागत नाही. त्यांना नियमितपणा लागतो.

हादऱ्यांचे याच्या उलट आहे. तिथे निकाल आधी ठाऊक नसतो आणि एका दिवसाची चूक भिंतीवर कायमची उमटू शकते. जमिनीच्या कणांचा कमाल वेग, म्हणजे ज्याला साइटवर सगळे पीपीव्ही म्हणतात तो, मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शिकेत पोकलेनवरच्या ब्रेकरसाठी २५ फुटांवर, म्हणजे ७.६ मीटरवर, इंचातला जो संदर्भ आकडा दिला आहे तो सुमारे २.३ मिलिमीटर प्रति सेकंद होतो. कंपन देणाऱ्या रोलरसाठी तो ५.३ आहे आणि घणाने ठोकायच्या पाइलसाठी, म्हणजे पायाच्या खांबासाठी, १६ च्या वर. त्याच मार्गदर्शिकेच्या सूत्राने अंतर निम्मे झाले की आकडा जवळपास २.८ पट होतो. म्हणजे ३.८ मीटरवर ब्रेकरचे हादरे ६.४ पर्यंत जाऊ शकतात. हे आकडे तिकडच्या जमिनीचे आहेत. आपल्याकडे शेजारच्या इमारतीचा पाया आणि फुटणारा खडक एकाच अखंड काळ्या पाषाणात (बेसॉल्टमध्ये) असतील तर मुरूम-मातीपेक्षा लहरी कमी क्षीण होऊन पोहोचतात, आणि खडकात सांधे किंवा मुरमाचा थर मध्ये आला तर त्या बऱ्याच विरतात. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांवर त्यामुळे फार वेगळे आकडे मिळतात. अंदाज बांधून भागत नाही ते याच कारणाने.

मर्यादा कोणती धरायची

यंत्र निवडण्यापूर्वी हा निर्णय व्हायला हवा, आणि बहुतेक निविदांमध्ये तोच राहून गेलेला दिसतो. ‘कंपने मान्य मर्यादेत असावीत’ एवढे एक वाक्य लिहिलेले असते आणि पुढे वाद झाला की प्रत्येक जण आपल्या सोयीचे मानक काढतो.

भारतात सर्वाधिक वापरली जाते ती खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रक क्रमांक ७ मधील सारणी. ती सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी आहे. मालकाच्या ताब्यात नसलेल्या घरांसाठी कंपनाची वारंवारता (सेकंदाला होणारी आंदोलने) ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर ५, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्याहून वर १५ मिलिमीटर प्रति सेकंद अशी मर्यादा तीत आहे. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. जर्मनीचे डीआयएन ४१५० हे मानक, त्याचा भाग ३, निवासी इमारतीच्या पायाशी १० हर्ट्झखाली ५, १० ते ५० हर्ट्झमध्ये ५ पासून १५ पर्यंत चढत जाणारी आणि ५० ते १०० हर्ट्झमध्ये १५ ते २० ची मार्गदर्शक मूल्ये देते. नाजूक वास्तूंसाठी सुरुवात ३ पासून होते. ब्रिटिश मानक बीएस ७३८५ बरेच सैल आहे. साध्या घरांसाठीही ते ४ हर्ट्झला १५ पासून सुरू होते आणि ४० हर्ट्झच्या पुढे ५० पर्यंत जाते.

या तिघांपैकी आपल्या जागेसाठी मी डीआयएन निवडेन. ते सर्वांत कडक आहे म्हणून नव्हे. अल्पकालीन आणि दीर्घकाळ चालणाऱ्या कंपनांची मूल्ये ते वेगळी देते. ब्रेकर हा सुरुंगासारखा एका क्षणाचा धक्का नाही. तो सेकंदाला अनेक ठोके देत तासन्‌तास चालतो आणि एखाद्या भिंतीच्या किंवा स्लॅबच्या स्वतःच्या आंदोलनाशी त्याचे ठोके जुळले तर ती थरथर वाढत जाते. अशा सततच्या कंपनांसाठी हे मानक सर्वांत वरच्या मजल्यावरची आडवी हालचाल पाहते आणि निवासी इमारतीला ५, नाजूक वास्तूला २.५ हे मूल्य देते. महासंचालनालयाची सारणी सरकारी असल्याने कागदोपत्री वजनदार ठरते, म्हणून दोन्हींचा उल्लेख करून ‘यांपैकी जे कमी असेल ते’ असे लिहिणे उत्तम.

रहिवाशांशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ब्रिटिश मानक बीएस ५२२८ प्रमाणे राहत्या घरात ०.३ मिलिमीटर प्रति सेकंदाचे कंपन माणसाला जाणवू लागते आणि १.० ला तक्रारी येणे स्वाभाविक असते. पूर्वसूचना आणि स्पष्टीकरण मिळाले असेल तर लोक ते सहन करतात, असेही ते म्हणते. म्हणजे इमारतीला धोका सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणसाला तो त्रास वाटतो. कपाटातली भांडी वाजत आहेत आणि अभियंता ‘सगळे मर्यादेत आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. हा फरक काम सुरू होण्यापूर्वीच्या सभेत समजावला तर पुढचे अर्धे भांडण टळते. तो ब्रेकर सुरू झाल्यावर सांगितला तर कोणी ऐकत नाही.

चार व्यवस्था समोरासमोर

| मुद्दा | हातातले उपकरण | एजन्सीची ठरावीक दिवशीची मोजणी | भाड्याचे अखंड यंत्र | स्वतःचे अखंड यंत्र |
|---|---|---|---|---|
| माहिती कधी मिळते | लगेच, पण माणूस तिथे असेल तेव्हाच | अहवाल आल्यावर | काही सेकंद ते मिनिटांत, मोबाइलवर | तशीच |
| काय निसटते | माणूस नसतानाचे सारे | मोजणीचे दिवस सोडून सारे | फारसे काही नाही. वीज किंवा नेटवर्क गेल्यास सूचना उशिरा येते | तेच |
| वादात वजन | कमी | आवाजासाठी चांगले | हादऱ्यांसाठी सर्वांत चांगले | कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी केलेली पडताळणी) चालू असेल तरच चांगले |
| कोणाला योग्य | रोजच्या आवाजाच्या नोंदीसाठी | अटीपूर्तीच्या अहवालासाठी | एका प्रकल्पाच्या खुदाईसाठी | सतत अनेक प्रकल्प असणाऱ्यांसाठी |

हातातल्या उपकरणाचा विचार आधी करू. मोबाइलवरच्या अ‍ॅपला मी उपकरण म्हणत नाही, तरी त्याला पूर्ण निरुपयोगीही म्हणणार नाही. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने आयफोनसाठी काढलेले अ‍ॅप प्रयोगशाळेतल्या चाचणीत दोन डेसिबलच्या आत उतरले होते. पण फोनागणिक मायक्रोफोन बदलतो, मोठ्या आवाजाला अनेक फोन आपोआप आवाज दाबतात आणि फोनचे कॅलिब्रेशन कोणी केलेले नसते. कमिटीच्या सदस्याला अंदाज घेण्यासाठी ते ठीक आहे. तक्रारीला जोडण्यासाठी नाही. फोनच्या कंपन-अ‍ॅपवर मात्र अजिबात विसंबू नये. फोनमधला संवेदक या कामासाठी बनवलेलाच नाही, आणि फोन ज्या टेबलावर ठेवला आहे ते टेबलच हलत असते.

खऱ्या ध्वनिमापकांत वर्ग १ आणि वर्ग २ असे दोन प्रकार येतात. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१६७२ नुसार १००० हर्ट्झला वर्ग १ ची मान्य चूक अधिक-उणे ०.७ आणि वर्ग २ ची १.० डेसिबल आहे. फार उंच आणि फार खालच्या वारंवारतांना हा फरक वाढतो. ब्रेकर, काँक्रीट मिक्सर आणि डिझेल जनरेटर यांच्या आवाजासाठी वर्ग २ चे यंत्र रोजच्या नोंदींना पुरेसे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा न्यायालयात जाणारा अहवाल वर्ग १ च्या यंत्राने आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडूनच घ्यावा. वर्ग कोणताही असो, सोबत कॅलिब्रेटर हवाच. ते सहसा १००० हर्ट्झला ९४ डेसिबलचा स्थिर आवाज देते. मोजणीच्या आधी आणि नंतर ते लावायचे आणि दोन्हींत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर ती मोजणी रद्द धरायची. ही सवय नसलेल्या साइटवर वर्ग १ चे महाग यंत्रही वाया जाते.

एजन्सीच्या मोजणीबद्दल माझे मत मिश्र आहे. आवाजासाठी ती उपयोगी आहे, कारण माणूस जागेवर उभा असतो आणि हा आवाज ब्रेकरचा, हा बसचा, हा समोरच्या मंडपातल्या लाउडस्पीकरचा, अशी नोंद करू शकतो. एकटे ठेवलेले यंत्र हे सांगू शकत नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत किंवा जुलैच्या पावसात पत्र्यावर सरी कोसळत असताना यंत्राने नोंदवलेली पातळी बांधकामाची म्हणून पुढे केली तर ती टिकत नाही. हादऱ्यांसाठी मात्र महिन्यातून दोन दिवसांची मोजणी मला जवळजवळ निरर्थक वाटते. एजन्सी येणार हे ठेकेदाराला आधी ठाऊक असते आणि त्या दिवशी ब्रेकर दूरच्या कोपऱ्यात चालतो. हे मुद्दाम होते असे म्हणण्याची गरज नाही, कारण कामाच्या क्रमानेही तसे घडू शकते. निकाल मात्र तोच येतो : भिंतीजवळच्या सर्वांत वाईट चार दिवसांची नोंद कोणाकडेच नसते.

म्हणूनच हादऱ्यांसाठी अखंड चालणारे यंत्र घ्यावे, असे मी ठामपणे म्हणतो. तीन दिशांचे जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे संवेदक), नोंद करणारा संच, बॅटरी, सिमकार्ड आणि ठरवलेली पातळी ओलांडताच मोबाइलवर जाणारा संदेश, एवढी त्याची रचना असते. इन्स्टँटेल, सिगिकॉम, प्रोफाउंड या कंपन्यांची यंत्रे या क्षेत्रात प्रचलित आहेत. विकत घ्यायचे की भाड्याने, हा प्रश्न प्रकल्पांच्या संख्येचा आहे. खुदाई सहा-आठ महिने चालते. त्यानंतर यंत्र कपाटात पडून राहते आणि त्याचे कॅलिब्रेशन मात्र वर्षागणिक करावे लागते. एका पाठोपाठ एक प्रकल्प हाती असलेल्या आणि डेटा वाचू शकणारा अभियंता नोकरीत असलेल्या कंपनीनेच विकत घ्यावे. बाकीच्यांनी भाड्याने घ्यावे आणि भाड्यात यंत्र बसवणे, बिघाड झाल्यास ठरलेल्या वेळेत बदलून देणे आणि आठवड्याचा अहवाल धरून घ्यावा.

यंत्र मागवताना नेमके काय विचारावे

जिओफोन की अ‍ॅक्सिलरोमीटर, हा पहिला प्रश्न येतो. जिओफोन थेट वेग मोजतो, त्यामुळे पीपीव्हीसाठी तो स्वाभाविक निवड आहे. अ‍ॅक्सिलरोमीटर प्रवेग मोजतो आणि वेग काढण्यासाठी त्याच्या नोंदीचे गणिती संकलन करावे लागते, ज्यात कमी वारंवारतेची चूक वाढत जाते. हल्लीची चांगली एमईएमएस (चिपवरच्या सूक्ष्म संवेदकांची) यंत्रे ही अडचण बऱ्यापैकी सांभाळतात आणि लहान, स्वस्त असल्याने एका इमारतीवर चार-पाच लावता येतात. माझी पसंती अशी : निर्णय ज्याच्या आकड्यावर होईल ते मुख्य यंत्र जिओफोनचे असावे, आणि वरच्या मजल्यांवर पूरक म्हणून स्वस्त संवेदक लावायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न वारंवारतेच्या पट्ट्याचा. सुरुंगांसाठी बनलेली अनेक यंत्रे २ ते २५० हर्ट्झ मोजतात, तर डीआयएन पद्धतीची १ ते ३१५ हर्ट्झ. आपण डीआयएनची मर्यादा धरली असेल तर यंत्रही त्या पट्ट्याचे मागावे. सुरुंगाच्या यंत्रासोबत बहुधा एक मायक्रोफोनही येतो आणि विक्रेते ‘आवाज आणि हादरे एकाच यंत्रात’ असे सांगतात. तो मायक्रोफोन स्फोटाने हवेत उठणारा दाब रेषीय मापात मोजतो. कायद्याला लागणारे ‘ए’ भाराचे डेसिबल तो देत नाही. स्वतंत्र ध्वनिमापक मायक्रोफोनचा पर्याय काही यंत्रांना जोडता येतो, पण तो वेगळा मागावा लागतो. ‘दोन्ही होते’ या आश्वासनावर घेतलेल्या यंत्राने आवाजाचा अहवाल मांडता येत नाही, हे नंतर कळणे फार महागात पडते.

तिसरा प्रश्न नोंदीच्या पद्धतीचा. काही यंत्रे दर मिनिटाची फक्त कमाल पातळी साठवतात, तर काही ठरावीक पातळी ओलांडली की पूर्ण लहर साठवतात. पूर्ण लहर असेल तरच वारंवारतेचे नीट विश्लेषण होते आणि तो धक्का ब्रेकरचा होता की कोणी जिओफोनवर बादली आपटली, हे ओळखता येते. दोन्ही पद्धती एकत्र चालवणारे यंत्र घ्यावे. अहवालात तिन्ही दिशांतील कमाल घटक आणि तिन्हींची सदिश बेरीज (तिन्ही दिशा मिळूनची एकूण हालचाल) हे दोन आकडे वेगळे दिसतात. बेरीज एका घटकाहून कमाल १.७३ पट मोठी असू शकते. डीआयएनमध्ये पायाशी सर्वांत मोठा घटक धरतात. कोणता आकडा मर्यादेशी ताडायचा हे करारात लिहिलेले नसेल तर एकाच नोंदीवरून दोन पक्ष दोन निष्कर्ष काढतात.

कुठे लावायचे

यंत्र कितीही चांगले असले तरी जिओफोन सैल टाइलवर नुसता ठेवला तर आकडे टाइलचे येतात. शेजारच्या इमारतीच्या, खुदाईकडे तोंड असलेल्या बाहेरच्या भिंतीशी, जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत, पायाच्या किंवा जोत्याच्या घट्ट भागावर तो बोल्टने किंवा जिप्समने पक्का बसवावा. त्यासाठी शेजारच्या सोसायटीची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळवताना ‘आकडे आम्हालाही दिसतील’ ही त्यांची अट मान्य करावी. विकासकाच्या आवारातल्या कुंपणावर लावलेले यंत्र सोयीचे असते, पण ते शेजाऱ्यांच्या भिंतीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. यंत्र एकच असेल तर ते सर्वांत जवळच्या इमारतीवर नव्हे, तर सर्वांत नाजूक आणि जवळच्या इमारतीवर लावावे. दहा मीटरवरची जुनी चाळ ही पाच मीटरवरच्या नव्या आरसीसी टॉवरपेक्षा जास्त काळजीची बाब आहे.

आवाजाचा मायक्रोफोन जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि शक्य तर भिंतींपासून साडेतीन मीटर दूर असावा. दाट वस्तीत तेवढी मोकळी जागा नसेल तर खिडकीपासून एक मीटरवर मोजावे आणि भिंतीवरून परतणाऱ्या आवाजामुळे साधारण ३ डेसिबल वाढ धरावी लागते, हे अहवालात नमूद करावे. वाऱ्यासाठी स्पंजचे आवरण घातल्याशिवाय बाहेर मोजूच नये.

काम सुरू होण्यापूर्वी किमान एक आठवडा, रविवार धरून, दोन्हींची आधारभूत नोंद घ्यावी. रेल्वे रुळांजवळच्या इमारतीला लोकलचे हादरे आधीपासून बसत असतात आणि रहदारीच्या रस्त्यावर ब्रेकर नसतानाही ५५ डेसिबल पाळले जात नाहीत. ही नोंद नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा बांधकामाच्या नावावर जातो, आणि तो दोष विकासकाला खोडता येत नाही. शेजाऱ्यांच्या बाजूनेही ती तितकीच महत्त्वाची आहे, कारण ‘हे आधीपासूनच होते’ हा बचाव त्याशिवाय तपासता येत नाही.

यंत्राला न दिसणारे नुकसान

पूर्वपाहणीवर खर्च करा असे वर म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. खोल खुदाईजवळच्या जुन्या इमारतींना पडणाऱ्या भेगांचे मूळ पुष्कळदा हादऱ्यांत नसते. बाजूची माती सरकणे, आधार-पाइलच्या भिंतीचे आत झुकणे आणि खड्ड्यातले पाणी उपसल्याने भूजल खाली जाऊन पाया खचणे, ही तीन कारणे तेवढीच किंवा जास्त मोठी असतात, आणि जिओफोन यांपैकी एकही दाखवत नाही. सहा महिने कंपने २ मिलिमीटरच्या खाली राहिली आणि तरी जिन्याची भिंत फाटली, असे होऊ शकते. मग विकासक आकडे दाखवतो, रहिवासी भिंत दाखवतात आणि दोघांमध्ये कोणताही दुवा उरत नाही.

म्हणून ब्रेकर सुरू होण्याआधी शेजारच्या इमारतीतील प्रत्येक घराची पाहणी व्हावी, प्रत्येक भेगेचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि त्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. मोठ्या भेगांवर काचेच्या पट्ट्या किंवा क्रॅक गेज बसवावेत. इमारतीच्या कोपऱ्यांवर पातळीच्या खुणा करून दर आठवड्याला सर्व्हे अभियंत्याने त्या मोजाव्यात. या साऱ्याचा खर्च महागड्या ध्वनिस्थानकापेक्षा बहुधा कमी येतो आणि वादात त्याचे वजन कितीतरी जास्त असते. आवाजाच्या अखंड स्थानकासाठी राखलेला निधी इकडे वळवा, असे मी प्रत्येक कमिटीला सांगेन. अपवाद एकच : शेजारी रुग्णालय किंवा शाळा असेल, किंवा रात्रीच्या कामाची विशेष परवानगी मिळालेली असेल, तर आवाजाचेही अखंड यंत्र लावावे. मर्यादा ओलांडताच आवाजाचा छोटा तुकडा साठवणारे यंत्र घेतले तर ‘तो आवाज आमचा नव्हता’ हा वाद ऐकून मिटवता येतो.

संदेश कोणाला जावा

व्यवस्थेचे खरे मोल इथे ठरते. मर्यादा ५ मिलिमीटर धरली असेल तर ३ ला पहिली सूचना, ४ ला कामाची पद्धत बदलणे आणि ५ ला काम थांबवणे, असे तीन टप्पे ठेवावेत. पहिला संदेश ब्रेकर चालवणाऱ्यावर देखरेख करणाऱ्या साइट इंजिनिअरला जावा, कारण दोन मिनिटांत तोच काही करू शकतो. दुसरा पीएमसीला आणि तिसरा शेजारच्या कमिटीने नेमलेल्या एका व्यक्तीलाही. तिसऱ्या संदेशावर विकासक हरकत घेतात. ती मान्य करू नये. ज्यांच्या भिंती आहेत त्यांना माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि लपवलेला आकडा नंतर उघड झाला तर त्याचा अर्थ नेहमीच अधिक वाईट लावला जातो. मूळ डेटाची प्रत भाड्याच्या एजन्सीकडेच न राहता दोन्ही पक्षांना दर आठवड्याला मिळावी, हेही करारात असावे.

‘काम थांबवणे’ म्हणजे पुढे काय, हेही आधी ठरवावे लागते. ब्रेकर लहान घेणे, भिंतीलगत ड्रिलने ओळीने छिद्रे पाडून खडकाचा सांधा तोडणे, फुगणारी रासायनिक पूड भरून खडक फोडणे किंवा डायमंड वायरने कापणे, हे पर्याय उपलब्ध आहेत. ते हळू आणि महाग आहेत. पण भिंतीलगतच्या पहिल्या तीन-चार मीटरांच्या पट्ट्यासाठी ते ठेकेदाराच्या दरपत्रकात सुरुवातीपासून धरलेले असतील, तर तिसऱ्या टप्प्याचा संदेश आल्यावर वाटाघाटी सुरू होत नाहीत. लगेच पद्धत बदलते.

नियंत्रित सुरुंग लावायचे असतील तर तुलनेचा हा सारा तोल बदलतो. तेव्हा पूर्ण लहर नोंदवणारे यंत्र प्रत्येक स्फोटाला चालू असणे आवश्यक ठरते, खाण सुरक्षा महासंचालनालयाची सारणी थेट लागू पडणारी असल्याने तीच आधार धरावी, आणि प्रत्येक स्फोटातील एका विलंबाला, म्हणजे एकाच क्षणी, उडणारे स्फोटकाचे वजन व अंतर यांची नोंद कंपनाच्या आकड्यासोबत ठेवावी. पहिल्या काही छोट्या स्फोटांवरून त्या खडकाचे स्वतःचे सूत्र बसवता येते आणि पुढचे भार त्यावरून ठरवता येतात.

व्यवस्था कधी काढायची, हे भाड्याच्या करारात तारखेने न लिहिता कामाच्या टप्प्याने लिहावे. खडक फोडणे, पाइलिंग आणि भरावाचे रोलिंग संपले की हादऱ्यांचे यंत्र काढता येते. भूजल उपसा चालू असेपर्यंत पातळीच्या खुणांची मोजणी मात्र थांबवू नये आणि तळघराची छत-स्लॅब टाकून मागे भराव झाल्यावरही ती तीन महिने चालू ठेवावी. आवाजाची रोजची नोंद सर्वांत शेवटपर्यंत चालू राहील, कारण काँक्रीट पंप, कटर आणि जनरेटर इमारतीसोबत वर चढत जातात आणि शेजारच्या वरच्या मजल्यांना त्यांचा त्रास खुदाई संपल्यानंतरच सुरू होतो. त्या टप्प्यावर मायक्रोफोनची जागाही तळमजल्यावरून त्या मजल्यांच्या खिडकीशी न्यावी.